एका दिवसात फ्रान्समधली ऐतिहासिक वाईन इस्टेट पाहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक कुटुंब, म्हणजे नवरा-बायको, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पॅरिसमध्ये असणार आहे. त्यातला एक दिवस मोकळा आहे आणि त्या दिवशी त्यांना फ्रान्समधली एखादी जुनी, इतिहास असलेली वाईन इस्टेट पाहायची आहे. बोर्दो या वाईनसाठी प्रसिद्ध भागातल्या नामवंत शातोंपैकी (शातो म्हणजे तिथली वाडा असलेली वाईन इस्टेट) एखादे पाहता येईल का, आधी वेळ घ्यावी लागते का, सासूबाई वाईन घेत नाहीत तर त्यांना तिथे अवघडल्यासारखे होईल का आणि निघताना काही विकत घेणे भाग असते का, असे प्रश्नकर्त्या ताईंनी विचारले आहे. मी नाशिकमध्ये वाईन तयार करण्याच्या व्यवसायात आहे, बर्गंडी या फ्रान्समधल्या दुसऱ्या वाईन प्रदेशात द्राक्षतोडणीच्या हंगामात काम केलेले आहे आणि अधूनमधून आपल्याकडच्या मंडळींना तिकडे घेऊनही जातो. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

सर्वांत प्रसिद्ध शातो कोणते, इथून सुरुवात केली की बहुतेकांचा दिवस वाया जातो, असे माझे मत आहे. आधी ठरवायचे ते हे की नेमके काय पाहायचे आहे: जुनी वास्तू, द्राक्षाची बाग, की वाईन प्रत्यक्ष जिथे मुरते ती जागा. नाशिकच्या मोठ्या वायनरीत या तिन्ही गोष्टी एकाच आवारात दाखवतात, न कळवता गेलो तरी टेस्टिंग रूममध्ये जागा मिळते आणि शनिवार-रविवारी तर गर्दी अधिकच असते. ही सवय घेऊन फ्रान्सला गेलेला माणूस बंद फाटकासमोर उभा राहतो. तिथल्या कित्येक नामवंत इस्टेटी मुळात शेतीच्या आणि व्यापाराच्या जागा आहेत. तिथे भेट मिळते ती आधी वेळ ठरवून, बहुधा सोमवार ते शुक्रवार, आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये व तोडणीच्या दिवसांत मुळीच मिळत नाही.

तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण महिन्याची आहे. सप्टेंबर म्हणजे तोडणी, त्यामुळे सगळे काम डोळ्यांसमोर पाहता येईल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याच दिवसांत मालक, कामगार आणि यंत्रे यांपैकी कुणालाही उसंत नसते. शिवाय आंबवण्याच्या टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून बाहेरच्या माणसाला आणि विशेषतः लहान मुलाला तिथे नेणे कुणी पत्करत नाही. दुसरे असे की तोडणीची तारीख आता पूर्वीची राहिलेली नाही. बर्गंडीतल्या बोन या शहरातल्या तोडणीच्या तारखांच्या १३५४ पासूनच्या नोंदी अभ्यासकांनी लावल्या आहेत. त्यांनुसार जुनी सरासरी २८ सप्टेंबर होती आणि १९८८ नंतर ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे. उन्हाळा कडक असला तर ऑगस्टच्या अखेरीसच तोडणी सुरू होते. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात बागेत घड दिसतील की फक्त पाने, हे त्या वर्षीच्या हवामानावर अवलंबून आहे आणि तुम्ही तिकिटे काढताना कुणीही ते सांगू शकणार नाही. तेव्हा ज्या जागेचे महत्त्व तोडणीवर अवलंबून नाही, अशी जागा निवडणे शहाणपणाचे.

बोर्दोबद्दल माझे उत्तर एका दिवसासाठी नकारार्थी आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान रेल्वेने बोर्दो शहर दोन तासांच्या थोडे वर लागते, पण तुमच्या मनातली नावे शहरात नाहीत. लाफित, लातूर, मार्गो आणि मुतों-रोथशिल्ड ही सगळी मेदोक पट्ट्यात, शहराच्या उत्तरेला आहेत. तिथपर्यंत जाऊन परत येण्यात दिवसाचा मोठा भाग संपतो. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाईनची प्रतवारी लावली, ती मुख्यतः बाजारातल्या भावांवरून. ती यादी आजही जवळजवळ तशीच चालते. वरच्या श्रेणीत झालेला मोठा बदल एकच, १९७३ मध्ये मुतोंला मिळालेली बढती. या इस्टेटींचा दबदबा निर्विवाद आहे, पण तुम्ही जुनेपण शोधत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मेदोकचा बराच भाग पाणथळ होता आणि सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी तो कोरडा केला. मार्गोचा तो प्रसिद्ध खांबांचा प्रासाद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्याच आवारातले नवे वाईनघर तर नॉर्मन फॉस्टर यांनी केलेले, २०१५ चे आहे. शिवाय अशा घरी व्यवसायातल्या माणसांना आणि जुन्या ग्राहकांना आधी वेळ देतात, हौशी कुटुंबाला नंतर.

बोर्दोलाच जायचे असेल तर एक रात्र तिथे काढावी आणि मेदोकचा हट्ट सोडावा. शहराला लागून असलेल्या पेसाक भागात शातो पाप क्लेमाँ आहे. पुढे पाचवा क्लेमेंट म्हणून पोप झालेल्या बर्त्रां द गो याच्याकडे ती बाग १३०० च्या सुमारास आली. भोवती घरे आणि मध्ये द्राक्षबाग, असे ते दृश्य आहे. नाही तर रेल्वेने साँतेमिलियों गाठावे. तिथे चुनखडीच्या जुन्या खाणींमध्येच वाईनची तळघरे आहेत आणि १९९९ मध्ये तो परिसर जागतिक वारसा ठरला.

शॅम्पेनचा पर्याय पुष्कळ जण सुचवतील. रेल्वेने रँस शहर पॅरिसहून पाऊण तासावर आहे आणि तिथल्या खडूच्या दगडात खोदलेल्या खोल गुहा खरोखरच पाहण्यासारख्या आहेत. पण त्या मोठ्या व्यापारी पेढ्या आहेत, बागा शहराबाहेर दूर आहेत आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. पोमरी या पेढीत उतरायच्या ११६ पायऱ्या आहेत आणि त्या परत चढायच्याही आहेत. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, ते तुम्हालाच ठाऊक.

माझा सल्ला बर्गंडीचा, आणि त्यातही क्लो द व्हूजो या कुंपण घातलेल्या जुन्या द्राक्षबागेचा आहे. सितो या ख्रिस्ती मठाची स्थापना १०९८ मध्ये झाली आणि बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या मठाच्या साधूंनी दानात मिळालेल्या आणि विकत घेतलेल्या जमिनी जोडत इथे बाग उभी केली. भोवती दगडी कुंपण घातले, ते आजही उभे आहे. आत सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर बाग आहे. मधोमध दिसणारा वाडा १५५१ मध्ये तेव्हाच्या मठाधिपतींनी बांधला, पण त्याच्या पोटातले वाईनचे कोठार बाराव्या शतकातले आहे. हे कोठार खोल तळघर नाही. ते जमिनीच्या पातळीवर आहे आणि आतली हवा थंड राहते ती जाड भिंतींमुळे. त्याच्या वरच्या मजल्यावर मठातले श्रम करणारे बंधू झोपत असत. तिथे छपराचे जुने लाकूडकाम उघडे ठेवलेले आहे, ते मान वर करून नीट पाहावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र द्राक्षे पिळण्याच्या दालनात द्यावा. चौकाच्या चार कोपऱ्यांत चार अवाढव्य लाकडी चरक आहेत. एकेक तुळई आपल्या माणसाच्या कमरेएवढी जाड, ओक लाकडाची. द्राक्षांच्या चोथ्यावर फळ्या रचायच्या, तुळईचे एक टोक आडवे धरून दुसरे टोक मळसूत्राच्या खांबाने खाली ओढायचे आणि खालच्या दगडी-लाकडी बैठकीतून रस एका बाजूने काढून घ्यायचा, अशी ती रचना आहे. मुलाला इथे उभे करून कुठल्या टोकाला माणसे जोर लावत असतील, ते विचारावे. तरफेचा धडा त्याला शाळेत पुढे येईलच. आजच्या वायनरीत हेच काम रबरी फुगा असलेली बंद टाकी करते, पण तत्त्व बदललेले नाही: दाब हळूहळू वाढवायचा, म्हणजे बी फुटून कडवटपणा उतरत नाही.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या वाड्यात आज वाईन बनतच नाही. म्हणूनच तोडणीच्या दिवसांतही तो पाहायला उघडा असतो, तिकीट काढून आत जाता येते आणि फिरताना कुणी तुमच्या हातात पेला देत नाही. सासूबाईंची अडचण इथेच सुटते. वाडा आज शेव्हालिए द्यु तास्तव्हँ या मंडळाच्या ताब्यात आहे. मंदीच्या काळात वाईन खपेना, तेव्हा १९३४ मध्ये स्थानिक मंडळींनी ते स्थापन केले. त्यांच्या मोठ्या मेजवान्या इथेच होतात आणि त्या दिवशी भेटीच्या वेळा बदलतात, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी वाड्याच्या संकेतस्थळावर वेळ तपासून घ्यावी.

वाडा पाहून झाल्यावर लगेच गाडीत बसू नये. बागेतून जाणाऱ्या वाटेने खालच्या हमरस्त्याच्या दिशेने चालत यावे. उतार इतका सौम्य आहे की सासूबाईही येऊ शकतील. वर वाड्याजवळ माती पातळ आणि चुनखडीची आहे, पाणी साचत नाही. खाली रस्त्याकडे माती जड आणि चिकण होत जाते. पाऊस पडून गेलेला असेल तर हा फरक चपलांना लागणाऱ्या मातीवरूनच कळतो. तरीही कुंपणाच्या आतली सगळी बाग सर्वोच्च दर्जाची म्हणूनच गणली जाते, आणि तो दर्जा वरच्या टोकाला जितका शोभतो तितका खालच्या टोकाला शोभतो का, यावर तिथले लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर शोभत नाही, पण खालच्या बाजूचा मेहनती शेतकरी वरच्या आळशी शेतकऱ्यापेक्षा चांगली वाईन काढतो, हेही तितकेच खरे आहे.

नाशिकच्या माणसाला तिथे आणखी दोन गोष्टी चटकन जाणवतील. वेली गुडघ्या-कमरेएवढ्याच आहेत आणि फार दाट आहेत. ओळीत आणि ओळींमध्ये जेमतेम एक मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी सुमारे १०,००० वेली. आपल्याकडे एकरी हजाराच्या आसपास वेली लावणाऱ्याला ही गर्दी चुकीची वाटेल. पण तिथे प्रत्येक वेलीवर मोजकेच घड ठेवायचे असतात आणि या दर्जाच्या बागेत हेक्टरी उत्पादनाची मूळ मर्यादाच ३५ हेक्टोलिटरची, म्हणजे ३,५०० लिटर वाईनची आहे. इतक्या अरुंद ओळींत साधा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून तिकडचे ट्रॅक्टर उंच पायांचे असतात आणि ओळीच्या दोन्ही बाजूंना चाके टाकून वेलीच्या डोक्यावरून जातात. दुसरी गोष्ट छाटणीची. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन वेळा आपण तिला वळवतो. तिथे हिवाळ्यात पाने गळून वेल निजते आणि मुख्य छाटणी एकदाच होते. कलमाचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या वेलीच्या मुळावर कलम बांधतात तो, मात्र दोन्हीकडे आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून त्यांच्या वेली अमेरिकी खुंटांवर उभ्या आहेत. ओळींच्या आत मात्र शिरू नये आणि एकही मणी तोडू नये. ती कुणाची तरी वर्षाची कमाई असते आणि तिथले लोक याबाबत कडक आहेत.

त्या बागेचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर ऐकून आपल्या माणसाला हसू येते. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि विकली गेली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे बाग एकसंध राहिली, पण १८८९ मध्ये तिचे तुकडे पडायला सुरुवात झाली. पुढे प्रत्येक मुलाला समान हिस्सा देणाऱ्या वारसा कायद्याने आपल्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीसारख्या वाटण्यांवर वाटण्या झाल्या. आज त्याच कुंपणात सुमारे ८० मालक आहेत आणि कुणाकडे अगदी मोजक्या ओळी आहेत. सगळ्यांच्या बाटलीवर बागेचे नाव एकच असते, पण शेतकरी वेगळा, तळघर वेगळे आणि वाईनही वेगळी. बोर्दोत दर्जा इस्टेटीच्या नावाला चिकटलेला असतो. बर्गंडीत तो जमिनीच्या तुकड्याला चिकटलेला असतो. अशा नाव असलेल्या १,२४७ तुकड्यांचा हा प्रदेश २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. म्हणून दुकानात क्लो द व्हूजो अशी अक्षरे पाहून बाटली उचलू नये, खालच्या ओळीत उत्पादकाचे नाव काय आहे ते आधी पाहावे.

आता दिवस कसा बसवायचा ते सांगतो. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान रेल्वेने दिजाँ साधारण दीड तासात येते. व्हूजो हे दिजाँ आणि बोन या दोन शहरांच्या साधारण मध्यावर आहे. स्थानिक रेल्वे आणि बस दोन्ही आहेत, पण फेऱ्या विरळ असतात आणि व्हूजोचे स्थानक वाड्यापासून चालत लांब पडते. ज्येष्ठ माणूस आणि लहान मूल बरोबर असताना मी दिजाँहून टॅक्सी आधी ठरवून ठेवतो. भाड्याची गाडी घेतलीत तर जो चालवणार त्याने चव घेताना वाईन थुंकायची किंवा घ्यायचीच नाही, हे निघण्यापूर्वी ठरवावे. फ्रान्सची कायदेशीर मर्यादा आपल्यापेक्षा थोडी सैल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. सकाळी व्हूजो, दुपारी बोन आणि संध्याकाळी परत पॅरिस, असा क्रम ठेवावा. बारा ते दोन या वेळात खेड्यापाड्यांत बहुतेक दारे बंद असतात, तेव्हा तो वेळ प्रवासाला आणि जेवणाला द्यावा. तुम्ही शाकाहारी असाल तर जेवणाची जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा, कारण बर्गंडीत अंड्याच्या पदार्थाच्या रश्श्यातही वाईनबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

बोनमध्ये ओतेल-दियो चुकवू नये. निकोला रोलँ या बर्गंडीच्या ड्यूकच्या प्रधानाने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी हे रुग्णालय स्थापन केले. रंगीत कौलांचे छप्पर आणि लाल पडद्यांच्या खाटांचा लांबलचक कक्ष पाहून सासूबाई वाड्यापेक्षा इथेच जास्त रमतील, असा माझा अंदाज आहे. वाईनशी याचा संबंध थेट आहे. शतकानुशतके लोकांनी रुग्णालयाला बागा दान केल्या, आज त्या ६० हेक्टरांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होत आलेला आहे. आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो.

वाईन मुरते ती जागा पाहायची राहिली, ती बोनमध्येच पाहावी. शहराच्या पोटात जुन्या पेढ्यांची तळघरे आहेत आणि त्यांतली काही तिकीट घेऊन सप्टेंबरमध्येही पाहता येतात. आत गेल्यावर ओळीने ठेवलेली २२८ लिटरची ओकची पिंपे दिसतील. भिंतींवरची काळी मखमली बुरशी पाहून नाक मुरडू नये. ओलावा टिकून असल्याचे ते लक्षण आहे. पिंपातली वाईन लाकडातून उडत राहते आणि वर पोकळी झाली की हवेने ती बिघडते, म्हणून दर काही दिवसांनी पिंप काठोकाठ भरावे लागते. पिंपाच्या तोंडावर खडूने लिहिलेल्या खुणा कसल्या आहेत, हे मार्गदर्शकाला अवश्य विचारा. कोणत्या तुकड्याची द्राक्षे त्यात आहेत हे त्या खुणा सांगतात, आणि या एका प्रश्नावरून तो तुम्हाला पुढे किती मनापासून माहिती सांगायची ते ठरवतो.

एखाद्या छोट्या शेतकऱ्याच्या घरी जाण्याची इच्छा असेल तर ती पुढच्या वेळेसाठी, मे-जून किंवा ऑक्टोबर-अखेरीसाठी ठेवावी. अशा घरात ट्रॅक्टर चालवणारा, पिंपे भरणारा आणि ईमेलला उत्तर देणारा माणूस एकच असतो. दीड-दोन महिने आधी, जमल्यास फ्रेंचमध्ये, चार ओळींचे पत्र लिहावे. किती माणसे येणार, कोणती भाषा चालेल, दोन पर्यायी तारखा कोणत्या आणि त्यांच्याच वाईनमध्ये रस का आहे, एवढे त्यात असावे. उत्तर आले नाही तर ते नाही समजावे, पुन्हा पुन्हा विचारू नये. वेळ मिळाली आणि बेत बदलला तर कळवलेच पाहिजे.

चव घेण्याच्या खोलीत न पिणाऱ्या माणसाबद्दल कुणाला काही वाटत नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेलेच असते आणि व्यवसायातली माणसे दिवसभर तेच करतात. सासूबाईंनी पेला हातात घेऊन नुसता वास घेतला तरी चालेल, किंवा आधीच नको म्हणावे. मुलासाठी द्राक्षाचा रस मिळतो का, ते नोंदणी करतानाच विचारा.

खरेदीबद्दल सांगायचे तर जिथे तुम्ही भेटीचे पैसे दिले आहेत तिथे काही घेण्याचे बंधन नाही आणि कुणी आग्रहही करत नाही. छोट्या शेतकऱ्याने पैसे न घेता तासभर दिला असेल तर मात्र एक-दोन बाटल्या घेणे ही तिथली रीत आहे. त्याची साधी, गावाच्या नावाची वाईन घेतलीत तरी त्याला बरे वाटते, महागडीच घ्यायला हवी असे नाही. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे माणशी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात. सासूबाई पीत नसल्या तरी त्यांच्या वाट्याच्या दोन बाटल्या त्यांच्या सामानातून येऊ शकतात. बाटल्या मोठ्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, त्या प्रत्येकी कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. एकाच दुकानात १०० युरोंहून अधिक खरेदी झाली तर कर परत मिळण्याचा कागद मागावा. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ लागतो, तेवढा त्या दिवशी हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका.